‘शेवटची मूळ संख्या सापडली’ हा दावा चुकीचा आहे

‘जगातली शेवटची मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही पूर्ण भाग न जाणारी) सापडली, आता बँकांचे पासवर्ड फुटणार’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातली दोन्ही विधाने खोटी आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आजवर ज्ञात असलेल्यांत ती सर्वांत मोठी, पण शेवटची नव्हे. मूळ संख्या अनंत आहेत हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध केले. समजा, २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार करून १ मिळवला की ३००३१ येतात. या सहांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ च उरते. ३००३१ म्हणजे ५९ गुणिले ५०९. दोन्ही मूळ आणि दोन्ही यादीबाहेरच्या! यादी कितीही लांबवा, यादीबाहेरची मूळ संख्या मिळतेच.

आणखी एक गैरसमज: घातांक मूळ असला की २ चा तो घात वजा १ ही संख्याही मूळच असते. तसे नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९. म्हणून तर प्रत्येक उमेदवार संगणकावर स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

पासवर्डचे म्हणाल तर, माहिती कुलूपबंद करणाऱ्या आरएसए नावाच्या सांकेतिक पद्धतीत साधारण तीनशे अंकी मूळ संख्या वापरतात आणि त्या गुप्त असतात. ही नवी संख्या सर्वांना माहीत आहे. तिने कोणतेही कुलूप उघडत नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.