पायजम्याला पडलेलं भोक आणि बायोकेमिस्ट्रीचा अर्ज

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मावशी, आजोबांना डायबेटिस कधी झाला गं? साल काय लिहू?"

म्हटलं, अगं, झालाच नाही. त्यांची शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे.

पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "अर्जात लिहायचंय. त्या मेसेजमध्ये तसं सांगितलंय."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'ऑक्सफर्ड-केंब्रिजला बायोकेमिस्ट्री : कुणीच सांगत नाही अशा आठ गोष्टी.' वर 'आतल्या माणसाकडून' आणि खाली 'होतकरू मुलांपर्यंत पोचवा'. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हितचिंतकांनी तो मला तीनदा पाठवला आणि मी तीनदा पुसून टाकला. चौथ्यांदा तो आमच्या घरात शिरला आणि माझ्या धडधाकट वडिलांना आजारी पाडून गेला. आता उत्तर देणं आलं.

क्रमाने जाणार नाही. सगळ्यांत घातक आहे तो तिसरा मुद्दा, तोच आधी घेते.

पर्सनल स्टेटमेंट म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा मजकूर. त्याबद्दल मेसेज म्हणतो : 'पर्सनल स्टेटमेंटची सुरुवात लहानपणीच्या हृदयस्पर्शी प्रसंगाने करा. घरातल्या वडीलधाऱ्याचा आजार सर्वांत परिणामकारक. सोबतचा नमुना थोडाफार बदलून वापरा.' नमुन्यात एक आजोबा आहेत, त्यांचा थरथरता हात आहे, हातात इन्सुलिनची बाटली आहे आणि 'त्याच क्षणी' आयुष्याचं ध्येय ठरवणारं सात वर्षांचं मूल आहे.

आता गंमत ऐका. ब्रिटनमधले पदवीचे अर्ज युकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात. २००७ साली युकॅसने मेडिसिन, डेंटिस्ट्री, पशुवैद्यक आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी आलेली सुमारे ५०,००० स्टेटमेंट्स संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांतल्या २३४ मुलांच्या आयुष्यात एकच प्रसंग घडला होता : आठव्या वाढदिवशी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची ओढ लागली. २३४ मुलं, २३४ पायजमे, वय प्रत्येकाचं आठ. एका वेबसाइटवरच्या नमुन्यातून ते भोक सगळ्यांच्या पायजम्यात पोचलं होतं. आणि आमच्या मेसेजवाल्याने नीट ऐकावं : १७५ अर्जांत म्हातारे किंवा आजारी आजोबा निघाले. म्हणजे ज्याला हा माणूस 'सर्वांत परिणामकारक' म्हणतो, ते आजोबा २००७ सालीच उघडे पडले होते.

तेव्हापासून प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या साठ्याशी ताडलं जातं आणि साधर्म्य सापडलं तर ते विद्यापीठांना कळवलं जातं. हा मेसेज हजार मुलांनी वाचला असेल आणि त्यातल्या पन्नासांनी जरी नमुना उचलला असेल, तर पन्नास थरथरते हात एकाच यंत्रातून जाणार आहेत. तुमचं मूल त्यातलं एक असावं असं वाटत असेल तर खुशाल पुढे पाठवा.

त्यातही हा सल्ला शिळा आहे. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध गेला आणि तीन प्रश्न आले. हा विषय का शिकायचाय? आतापर्यंतच्या अभ्यासाने तुमची कशी तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर काय केलंत, त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. या चौकटीत हृदयस्पर्शी सुरुवात ठेवणार कुठे?

समजा यंत्राने पकडलं नाही. पुढे मुलाखत आहे. स्टेटमेंटमध्ये जे लिहाल त्यावर तिथे प्रश्न येऊ शकतो, आणि इन्सुलिन हा तर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात दिलेला आयता चेंडू. इन्सुलिन टोचून का घ्यावं लागतं, गोळी का चालत नाही? ते प्रथिन आहे, पोटात पचून जाईल. बरं, पोटात पचणार नाही असं आवरण दिलं तर? आता विचार करावा लागतो : ५१ अमिनो आम्लांचा एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून अखंड रक्तात जाईल का? कशाने अडेल? आकाराने, विद्युतभाराने, की दोन्हींनी? हे प्रश्न छान आहेत. ज्या मुलीला इन्सुलिनबद्दल खरंच कुतूहल आहे तिला यात मजा येईल. जिने ते आजोबांसकट उधार घेतलंय तिला दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटेल.

मी भाचीला विचारलं, "आजोबा सोड. या विषयात तुला खरंच काय आवडलं, ते सांग." तिने जे सांगितलं ते तिच्या मसुद्यात नव्हतं, कारण सातवा मुद्दा म्हणतो 'फसलेल्या प्रयोगांचा उल्लेख टाळा'.

झालं होतं असं. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम कोणत्या तापमानाला स्टार्च सर्वांत वेगाने तोडतं, हे तिला बघायचं होतं. २०, ४०, ६० आणि ८० अंशांना परीक्षानळ्या ठेवल्या, ठरावीक वेळाने प्रत्येकीत आयोडीनचे थेंब टाकले. निळं झालं तर स्टार्च शिल्लक, नाही झालं तर संपला. ८० अंशांची नळी निळी झालीच नाही. हिने वहीत लिहिलं, 'एन्झाइम ८० अंशांना सर्वोत्तम'. अर्ध्या तासाने नळ्या धुवायला घेतल्या तर तीच नळी गर्द निळी!

याचा उलगडा करायला तिला दोन दिवस लागले. आयोडीन स्टार्चच्या गुंडाळीदार साखळीच्या आत जाऊन बसतं तेव्हा निळा रंग येतो. गरम पाण्यात ते तिथे टिकत नाही, रंग जातो. निवलं की परत येतो. म्हणजे स्टार्च जिथल्या तिथे होता. एन्झाइमची घडी ८० अंशांना केव्हाच उसवून ते निकामी झालं होतं आणि आयोडीनने तिला चक्क फसवलं होतं. आयोडीन टाकण्याआधी नमुना थंड करून घ्यायला हवा, हे तिचं तिला उमगलं.

मी तिला म्हटलं, बाई गं, हे सोडून तू आजोबांना आजारी पाडायला निघालीस? निष्कर्ष चुकला, संशय आला, कारण शोधलं, पद्धत सुधारली. प्रयोगशाळेतलं निम्मं आयुष्य असंच जातं. पदवीच्या पहिल्या वर्षाला तुला घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याला याहून जास्त काय हवंय?

बाकीचे मुद्दे आता भराभर.

'दोन्हीकडे अर्ज करा, कुठेतरी लागेलच.' युकॅसवर पाच पर्याय देता येतात हे खरं, पण पदवीसाठी एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्हींपैकी एकच. शिवाय केंब्रिजमध्ये पदवीला बायोकेमिस्ट्री नावाचा प्रवेशच नाही. तिथे नॅचरल सायन्सेसला अर्ज करायचा, पहिल्या वर्षी सजीव पेशींबरोबर रसायन, भौतिक अशांतले विषय आणि गणित घ्यायचं आणि बायोकेमिस्ट्रीकडे नंतर वळायचं. ऑक्सफर्डमध्ये मात्र बायोकेमिस्ट्रीचा सरळ चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि चौथ्या वर्षाचा मोठा भाग संशोधनात जातो. दोन्ही वाटा चांगल्या, पण एकसारख्या नाहीत. 'आतल्या माणसाला' एवढंही ठाऊक नसेल तर तो नेमका कशाच्या आत आहे?

'केंब्रिजला वेगळी परीक्षा नाही, मार्कांवर घेतात.' हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण यावर विसंबलेल्या मुलाचं वर्ष जाईल. नॅचरल सायन्सेसला ईसॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. गणिताचा एक भाग सक्तीचा, आणखी दोन भाग निवडीचे, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि ती अर्जाच्या मुदतीआधीच बंद होते. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहा. मेसेज म्हणतो 'मुदत वाढतेच'. या भरवशावर बसू नका.

'बायोलॉजी पाठ करा, केमिस्ट्री पासापुरती पुरे.' बरोबर उलटं. ऑक्सफर्डच्या बायोकेमिस्ट्रीला केमिस्ट्री अनिवार्य आहे आणि सोबत आणखी एक विज्ञान किंवा गणित; बायोलॉजी असेल तर उत्तम, पण सक्ती नाही. कारण समजायला एकच उदाहरण घ्या, एटीपीचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं. 'एटीपीचा बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते' हे वाक्य बायोलॉजीच्या वहीत हमखास सापडतं. पण कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागते, तोडून मिळत नाही. मग एटीपीतून मिळते ती कुठून येते? पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे रेणू बनतात ते जास्त स्थिर असतात, शेजारीशेजारी कोंबलेल्या ऋणभारांची ढकलाढकल कमी होते, पाणी त्यांना जास्त चांगलं सावरून धरतं. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे ती ऊर्जा. पाठांतर करणारं मूल 'बंध तुटतो' वर थांबतं. केमिस्ट्री आलेलं मूल तिथे अडखळतं आणि विचारतं. मुलाखतीत या अडखळण्याचंच मोल असतं.

'बायोकेमिस्ट्री म्हणजे मेडिसिनचा मागचा दरवाजा, पहिल्या वर्षानंतर बदली मिळते.' इंग्लंडमध्ये मेडिसिनच्या जागा सरकार मोजून ठरवतं. शेजारच्या विभागातून सरकून यायला ते काही रेल्वेचं आरक्षण नाही. यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने सांगते : पदवी पूर्ण केल्यावर काही विद्यापीठांत पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगवान मेडिसिनचा अभ्यासक्रम असतो आणि बायोकेमिस्ट्रीची मुलं त्याला अर्ज करतात. पण ती नवी स्पर्धा, नवा अर्ज, आणि तीही पहिली पदवी हातात आल्यावर. ज्याला डॉक्टरच व्हायचंय त्याने सरळ मेडिसिनला अर्ज करावा. मन दुसरीकडे असलेलं मूल दोन वर्षं प्रथिनांच्या घड्या उलगडत बसलं की काय होतं, हे मी वर्गात बघते. त्याच्यासाठीही वाईट आणि शिकवणाऱ्यासाठीही.

'नृत्य, पोहणे, समाजसेवा यांची प्रमाणपत्रं जोडा.' हा सल्ला अमेरिकेच्या अर्जांचा वारा लागून आलाय. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये निवड विषयाचे प्राध्यापक करतात, त्यांना विषय बघायचा असतो. पोहण्याने तुम्हाला लॅक्टिक आम्लाबद्दल प्रश्न पडला असेल तर लिहा, नसेल तर पोहत राहा.

एक मुद्दा मेसेजचा बरोबर आहे : 'पाठ्यपुस्तकाबाहेर वाचा.' वाचाच. पण पुढे तो अकरा पुस्तकांची नावं देऊन म्हणतो 'यांचा उल्लेख करा'. वाचा असंही नाही, उल्लेख करा! एक लेख नीट वाचून त्यातल्या एका आकृतीशी भांडलात तरी पुरे.

आणि शेवटची धमकी, 'इथे नकार आला की या क्षेत्रात दरवाजे बंद.' दुर्गाबाई भागवतांची बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. आधी अटींवर प्रवेश मिळवला, काम दाखवलं, मग केंब्रिजला जाऊन वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या पेशीच्या श्वसनातल्या प्रथिनावर संशोधन केलं आणि १९३९ साली पीएचडी घेतली. बायोकेमिस्ट्रीतच. आजची मुलं तर त्याच अर्जात आणखी चार विद्यापीठं लिहू शकतात, आणि पुढच्या वर्षी परत अर्जही करू शकतात.

भाचीचा नवा मसुदा काल आला. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्या निळ्या नळीचीच गोष्ट आहे. १२० अक्षरं जास्त होताहेत, आणि कापायला तिने नेमकं 'मी चुकले होते' हे वाक्य निवडलं होतं. ते परत घालायला लावलंय. विशेषणं काढ म्हटलं. तेवढ्यात बाबांनी फोन घेतला. "मला म्हणे डायबेटिस झाला होता? आता बरा आहे का मी?"