स्पोर्ट मोड चोर्ल्यात कशाला?

‘हात बसलेल्या चालकाने रोजच्या रस्त्यावरही ट्रॅक्शन कंट्रोल स्पोर्टवर ठेवावं, गाडी मोकळी पळते’ हे तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. चाक घसरत नसेल तर ही यंत्रणा मध्ये पडतच नाही. ती चारही चाकांचा वेग तपासत असते आणि एखादं चाक जास्त फिरायला लागलं की इंजिनाचा जोर कमी करते किंवा त्या चाकाला ब्रेक लावते. मग कोरड्या रस्त्यावर, ट्रॅफिकच्या वेगात मोकळं व्हायचं ते काय? स्पोर्ट मोड जास्त घसरू देतो, एवढंच. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या ‘परफॉर्मन्स ट्रॅक्शन’ सोयीत तर वरच्या दोन पायऱ्यांवर स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे वळणावर गाडी भरकटू न देणारी यंत्रणाही बंद होते. ती सोय रेस ट्रॅकसाठी आहे, तापलेल्या टायरसाठी.

आमच्याकडे बेळगाव भागात जांबोटी सोडून कणकुंबीकडे लागलं की पावसाळ्यात झाडांखालचा रस्ता शेवाळलेला असतो, पुढे चोर्ला घाटाची वळणं. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर शेतातून चिखल घेऊन थेट डांबरावर येतात. अंधारात तो चिखल दिसतो तरी का? तिथे चालकाचा अनुभव चाक सुटल्यावरच कामाला येणार, यंत्रणा त्याआधीच जागी झालेली असते. (गुळगुळीत टायर असले तर कुठलाच मोड उपयोगाचा नाही, ते वेगळं.)

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण दाबायची खरी वेळ लेखात आलीच नाही. शेतवाटेला चाक रुतलं की यंत्रणा जोर तोडत राहते आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, हळू बाहेर काढा, डांबर लागलं की परत चालू.