खरा प्रश्न डिटेनरचा
स्थानिक पोलिसांनी सहकार्य नाकारलं तर आयसीईला, म्हणजे अमेरिकेत स्थलांतर कायदा राबवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला, स्थलांतरिताच्या अटकेची खबरच लागत नाही, असं एका लेखात म्हटलंय. हे विधान चूक आहे. अमेरिकेत जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे आयसीई ज्याच्या हाताखाली येते त्या खात्याकडे. वाद आहे तो पुढच्या पायरीचा, म्हणजे डिटेनरचा. सुटकेची वेळ झाली तरी या माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, अशी आयसीईने स्थानिक जेलला केलेली ती विनंती. तिच्यावर न्यायाधीशाची सही नसते. ओरेगन राज्यातल्या क्लॅकमस काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) तेवढ्या कागदावर एका महिलेला डांबून ठेवलं. २०१४ मध्ये फेडरल कोर्टाने चौथ्या घटनादुरुस्तीचा (अवाजवी अटकेपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीचा) भंग ठरवून जबाबदार धरलं ते काउंटीला! न्यायालयाचं वॉरंट आणा, मग शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, जरूर धरून ठेवावं.