ती बुडत नाहीये, फुगतेय

जुन्या स्पीडबोटवाल्यांच्या वीकेंड गेट-टुगेदरला कुणी "चल रे, मजा येते" म्हणून बोलावलं तर आधी एवढंच विचारून घ्या, बोट फायबरची की लाकडी. फायबरची असेल तर खुशाल जा. लाकडी असेल तर घरी कुणालातरी आजारी पाडा.

माझ्या मित्राची लाकडी आहे. महोगनीची, वयस्कर, आणि व्हार्निश असं की त्यात बघून दाढी करून घ्यावी. व्हार्निशचे डझनभर हात असतात आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपरने घासायचं असतं, हे मला तोंडपाठ आहे कारण हात त्याने मारले आणि घासलं मी.

तर शुक्रवारी संध्याकाळी बोट ट्रेलरवरून पाण्यात सोडली आणि तळातून बुडबुड करत पाणी आत यायला लागलं. मी बोंब मारली. आजूबाजूच्या एकानेही मान वर केली नाही. मित्र शांतपणे म्हणाला, "ओरडू नकोस रे, ती बुडत नाहीये, फुगतेय." म्हणजे असं की बरेच महिने कोरड्यात राहिलं की फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात, आणि परत पाण्यात ठेवलं की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. शास्त्र एकदम पटलं, पण या मिटण्याला अख्खी रात्र लागते, कधी त्याहून जास्त, आणि तोवर पंप चालू आहे ना हे बघत कुणीतरी बसावं लागतं. कोण बसलं ते विचारू नका.

सकाळी मंडळी जमली. खरंच फार प्रेमळ माणसं, कुणाचा स्पेअर पार्ट मागा, स्वतःच्या बोटीतला काढून देतील. पण आल्या आल्या दोन तट पडले, रिवावाले आणि ख्रिस-क्राफ्टवाले, म्हणजे एका इटालियन बोट कंपनीचे भक्त आणि एका अमेरिकन. रिवाची अ‍ॅक्वारामा 1962 मध्ये आली, इटलीत इझेओ तलावाकाठी सार्निकोला बनायची, हे मला नाश्त्याच्या आधीच तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं आणि तिघांकडेही रिवा नव्हती. मग एकजण एका बोटीच्या डेकवर नाक टेकवून बघायला लागला. पितळी पट्टीवरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आहेत का, हे तपासत होता. एक तिरकी निघाली. मालकाचा चेहरा असा पडला की मला सांत्वनाला जावंसं वाटलं.

वेग मात्र तोंडीच चाललेला. एक काका गार वूड या अमेरिकन बोट-रेसरची गोष्ट सांगत होते, 1932 साली मिस अमेरिका टेन नावाच्या बोटीतून पठ्ठ्याने ताशी 124 मैलांच्या वर वेग काढला, बोटीत बारा सिलिंडरची चार पॅकार्ड इंजिनं! आणि हे सांगताना काका स्वतःच्या बोटीत कोपरापर्यंत काळे होऊन बसलेले, कारण त्यांचं एकच इंजिन होतं आणि तेही चालू होत नव्हतं.

आमचा नंबर दुपारी आला. मला वाटलं चावी फिरवली की निघालो. छे! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचून बसते आणि एक ठिणगी पडली की भडका, म्हणून आधी ब्लोअर लावून निदान 4 मिनिटं ती बाहेर काढायची, मग हॅच उघडून वास घ्यायचा. मित्राने घेतला, मग मला घ्यायला लावला, मग शेजारच्या बोटीवरून एक काकू स्वतःहून येऊन घेऊन गेल्या. मग चोक, मग खोकला, मग परत चोक, मग कार्ब्युरेटरशी खाजगीत बोलणी. शेवटी ती धडधडली आणि धक्क्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या तिकडच्या तटाने सुद्धा.

आता खोटं कशाला बोलू, पुढचं जे काही झालं ते भारी होतं. आधी नाक आभाळाकडे करते, समोरचं काही दिसत नाही, मग एकदम सपाट होऊन पाण्यावरून सरपटायलाच लागते आणि पोट मागे राहतं. मी चक्क किंचाळलो, आनंदाने. आता वसूल होतंय म्हणेपर्यंत मित्राने थ्रॉटल मागे ओढला, इंजिन बंद केलं आणि कान टवकारले.

"ऐकलंस?"

"काय?"

"टॅपेट वाजतोय. तू टॉर्च धर."