ट्यूनरचा सेल फ्रीजमध्ये ठेवू नका, प्लीज

काल ताईकडे भाच्याची गिटार ट्यून करायला बसलो, तर क्लिपवाल्या ट्यूनरमध्ये सेलच नाही. विचारलं तर म्हणे फ्रीजमध्ये आहे. बघतो तर दाराच्या खालच्या कप्प्यात, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या वाटीत चकचकीत सेल, आणि घरात धाकटी दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालणारी! हे सगळं व्हॉट्सॲपच्या त्या मेसेजमुळे: सेल रोज काढून फ्रीजमध्ये ठेवा, दुप्पट टिकतो, उतरला तर तव्यावर गरम करा, परत चालतो, आणि उतरलेल्या सेलवर ट्यूनर सूर चुकीचा दाखवतो.

अहो, ह्यात बहुतेक वेळा सीआर 2032 असतो, म्हणजे 20 मिमी रुंद, 3.2 मिमी जाड, लिथियमचा. नुसता पडून राहिला तर वर्षाला जेमतेम 1 टक्का उतरतो, मग फ्रीजमध्ये वाचवणार काय? सेल बनवणारी एनर्जायझर कंपनी स्वतः सांगते की फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही आणि ठेवूही नका. सेल संपतो तो डिस्प्ले पेटता राहिल्याने, झालं की बटण दाबून बंद करा एवढंच.

आणि ही चकती पोराने गिळली तर? रुपयाएवढी असल्याने नेमकी अन्ननलिकेत अडकते, ओलाव्यात करंट वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि 2 तासांत आतून गंभीर भाजू शकतं. ट्यूनर चालवायला न पुरणारा, 'संपलेला' सेलसुद्धा हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, एक्स-रे काढायला सांगा. अमेरिकेत 2022 मध्ये अशा सेलसाठी वेगळा कायदा करावा लागला, एवढं हे गंभीर आहे.

तव्याचं तर बोलूच नका, लिथियमचा सेल तापवला तर फुटू शकतो. गारठलेला सेल उबेला आला की जरा उचल खातो, इतपत खरं आहे, पण ते चार्जिंग नव्हे.

राहिला सूर. ट्यूनरचं माप घड्याळासारख्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालतं, सेल उतरला की डिस्प्ले मंद होतो, मग बंद पडतो. भाच्याचा सूर चढा लागत होता कारण बटण चुकून दाबलं जाऊन, ट्यूनर ज्या आधार-सुरावरून बाकीचे सूर मोजतो त्याचं सेटिंग 440 हर्ट्झचं 443 झालेलं, स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं! ते परत 440 केलं, नवा सेल घातला, जुन्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यासाठी सोबत आणला, आणि ताईला तो मेसेज माझ्यासमोर डिलीट करायला लावला.