चुकीच्या दारावर दगड

"पैसेवाले कर बुडवायला दुबईला पळतात. अमेरिकेसारखा पासपोर्ट बघून कर लावा!" पुण्यात दुसऱ्या चहाला हे वाक्य हमखास येतं. अमेरिका २०२५ साठी परदेशातल्या पगारावर १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत सूट देते, हे मात्र सोयीस्करपणे राहून जातं.

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला अनिवासी (एनआरआय) घ्या. नव्या करप्रणालीत पुणेकराला १२ लाखांपर्यंत कर शून्य, खास सवलतीमुळे. ती फक्त निवासींना. अनिवासीचा कर ४ लाखांपुढे लगेच सुरू. शिवाय भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा, म्हणजे ३० हजारांतले ९,३६० रुपये सरकारजमा. जास्त कापलेलं परत हवं तर रिटर्न भरा. हे ऐकलं की भाडेकरू पुढचा फ्लॅट बघतो.

राहिले बडे लोक. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर अनिवासी राहून भारतात येण्याची १८२ दिवसांची मुभा २०२० पासून १२० वर आली. पण नुसते १२० भरून भागत नाही, आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसही भरावे लागतात. एवढंच उत्पन्न असलेला, पण दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक तर एक दिवस न येताही निवासी मानला जातो. अर्थात दोन्हीकडे दर्जा 'सामान्यतः निवासी नसलेला', त्यामुळे दुबईतला पगार सुटतोच.

खरी फट वेगळीच आहे. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-यूएई करारात शेअर्सचा नफा भारतात करपात्र आहे, पण म्युच्युअल फंडाचं युनिट म्हणजे शेअर नव्हे, असं प्राप्तिकर न्यायाधिकरणांनी मान्य केलंय. यूएईचं कर-निवासी प्रमाणपत्र (टीआरसी) आणि सोबतचा फॉर्म दिला की त्या नफ्यावर कर इकडेही नाही, तिकडेही नाही. नव्वद दिवसांच्या रहिवासावर इथलं, म्हणजे यूएईचं, प्रमाणपत्र मिळतं, पण करारासाठी १८३ दिवस लागतात. अर्ज इथेच अडकतात. ओरडायचंच तर या कलमावर ओरडा. पण त्यासाठी करार वाचावा लागतो.

तोवर आम्ही दुबईकर भारतातले दिवस मोजतो. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरलेले बरे. विमान ११.५० ला उतरलं तर शिक्का मध्यरात्रीनंतरचा, तेवढाच एक दिवस वाचतो. २० मार्च ते १० एप्रिल आलं तर १२ दिवस जुन्या आर्थिक वर्षात, १० नव्या. पाडवा असा वाटून घेता येतो, गणपती नाही.

एक्सेलमध्ये त्या रकान्याला 'घर' म्हणावं असं वाटत राहतं. कायद्यात त्या येण्याला शब्द आहे 'भेट'.