‘फ्लॅग बंद आहे ना, मग टाक प्रॉडक्शनला’

टीममध्ये नुकतीच लागलेली मुलं सध्या एक पोस्ट एकमेकांना पाठवतायत: ‘नवा कोड फीचर फ्लॅगमागे लपवा, फ्लॅग बंद ठेवा, थेट प्रॉडक्शनला सोडा. धोका शून्य. बिघडलंच तर एका क्लिकवर पूर्ववत. स्टेजिंगचा खर्च वाचवा.’ फीचर फ्लॅग म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारा स्विच; प्रॉडक्शन म्हणजे लोक वापरतात ती खरी सिस्टीम, स्टेजिंग म्हणजे चाचणीसाठीची तिची प्रत.

धोका शून्य? फ्लॅग बंद असला तरी सोबत आलेलं लायब्ररीचं नवं व्हर्जन सगळ्यांनाच लागतं. डेटाबेस मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतला बदल, फ्लॅगला विचारून चालत नाही. बटण नुसतं ब्राउझरमध्ये लपवलं असेल, तर मागचा एपीआय (सर्व्हरकडून काम करून घ्यायचा दरवाजा) उघडाच. तपासणी सर्व्हरवर हवी.

आणि जुने फ्लॅग? नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीवरचा अमेरिकेच्या एसईसीचा (शेअर बाजार नियामकाचा) ऑक्टोबर २०१३ चा आदेश वाचा, फुकट मिळतो. शेअरच्या ऑर्डर पाठवणारा, २००३ पासून बंद असलेला ‘पॉवर पेग’ कोड त्यांनी काढलाच नव्हता, वर त्याचाच फ्लॅग नव्या फीचरला दिला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, एकावर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. ऑर्डर किती भरली हे मोजणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवला होता, त्यामुळे थांबायचं कधी हे त्याला कळेना. साधारण ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे, ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा. ‘एका क्लिकवर पूर्ववत’वाल्यांसाठी पुढचा भाग: गडबडीत त्यांनी उरलेल्या सातांवरून नवा कोड काढला. ऑर्डरींवर फ्लॅग येतच होता. मग जुना कोड तिथेही धावू लागला.

एरवीही फ्लॅग बंद केला की कोडची वाट बदलते, लिहिला गेलेला डेटा तसाच राहतो. म्हणून आधी नवा कॉलम रिकामा चालेल असा जोडा, काही काळ जुन्या-नव्या दोन्हीकडे लिहा, वाचन शेवटी वळवा.

स्टेजिंगबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. खरा लोड तिथे येत नाही. फेसबुकने २००८ मध्ये चॅट दाखवण्याआधी लोकांच्या पानांवरून गुपचूप चॅट सर्व्हरना जोडण्या आणि खोटे संदेश पाठवून पाहिले, ते याचसाठी. पण मायग्रेशन उलटं फिरतं का, हे बघायला प्रॉडक्शन कशाला?

सोडताना १, १०, ५० टक्के असं वाढवा. टक्केवारी फ्लॅगचं नाव आणि युजर आयडी यांच्या हॅशवर (त्यांच्यापासून दरवेळी तोच निघणाऱ्या आकड्यावर) काढा, नाहीतर त्याच माणसाला फीचर दिसेल-लपेल. फ्लॅग चालू की बंद हे सांगणारी सर्व्हिस पडली तर काय धरायचं तेही कोडमध्ये लिहा. फ्लॅग काढायचं तिकीट (कामाची नोंद) तो बनवतानाच उघडा, तारखेसकट, आणि त्याचं नाव पुन्हा कशालाही देऊ नका.